मन लागत नसेल तरी रोज प्रार्थना करावी का?

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात सीएनसी मशिनवर काम करणाऱ्या मुलाने मला हा प्रश्न विचारला आहे. त्याची आई आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत येते, म्हणून मी त्याची मावशी. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लग्नाआधी तो रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचून प्रार्थना करायचा. आता दर आठवड्याला शिफ्ट बदलते. बसलं की डोळे मिटतात, नाहीतर हात मोबाईलकडे जातो. मध्ये तीन आठवडे काहीच झालं नाही. आई म्हणते, पहाटे पाचला उठ. बायको कॅथलिक आहे, तिची जपमाळ चुकत नाही. आणि शेवटी त्याने खरा प्रश्न विचारला आहे: "देवाला सगळं आधीच ठाऊक आहे, तर रोज तेच तेच सांगायचं कशाला? ख्रिस्ती माणसाला रोजची प्रार्थना खरंच इतकी आवश्यक आहे का?"

बाळा, मी पाळक नाही. 34 वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी तरी नाईट ड्यूटीत गेली. त्यामुळे तुझ्या प्रश्नातलं शिफ्टचं दुखणं मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही. पाळकसाहेब तुला अधिक शास्त्रशुद्ध सांगतील. मी जे करून पाहिलं आणि जे करता करता सुटलं, ते सांगते.

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. मत्तयाचा सहावा अध्याय काढ. आठव्या वचनात येशू म्हणतो की, तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा तुमच्या पित्याला माहीत आहेत. म्हणजे तुझा आक्षेप येशूला ठाऊक होता. आता पुढचं, नववं वचन वाच. तिथेच तो "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना शिकवायला घेतो. पित्याला सगळं ठाऊक आहे, म्हणून बोलू नका, असं तो म्हणत नाही. ठाऊक आहे म्हणून बडबड करू नका, लांबण लावू नका, थोडक्यात बोला, असं म्हणतो. प्रार्थना म्हणजे देवाला बातमी पोचवणं नव्हे. वॉर्डात रोज सकाळी डॉक्टर राऊंडला यायचे. चार्ट त्यांच्या हातात असायचा, टेम्परेचर, पल्स सगळं त्यात. तरी ते पेशंटला विचारायचेच, "काय आजी, कसं वाटतंय?" आणि ज्या आजींना विचारलं जायचं त्या, आणि ज्यांच्या पलंगापाशी डॉक्टर नुसता चार्ट बघून पुढे जायचे त्या, यांच्या चेहऱ्यात फरक असायचा. उदाहरण पुरतं जुळत नाही, मला कळतं. पण माहिती आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून घे.

आता "तेच तेच". गेथशेमाने बागेतली रात्र आठव. येशूने तिथे तीनदा प्रार्थना केली, आणि तिसऱ्यांदा त्याच शब्दांनी केली, असं मत्तयाने मुद्दाम नोंदवलं आहे. देवाच्या पुत्राला त्या रात्री नवे शब्द सुचले नाहीत, किंवा त्याला ते शोधावेसे वाटले नाहीत. शिष्य तर झोपलेच होते. "आत्मा उत्सुक आहे खरा, तरी देह अशक्त आहे" हे वाक्य आपण कुणाला टोमणा मारायला वापरतो, पण येशूने ते पेंगुळलेल्या मित्रांना जागं करताना उच्चारलं आहे. त्यात रागापेक्षा ओळख जास्त आहे. सेकंड शिफ्ट संपवून रात्री बाराला घरी येऊन जो पवित्र शास्त्र उशाला घेऊन झोपी जातो, त्याचीही ती ओळख आहे असं मी धरून चालते.

तू शब्द "रोज" वापरलास, त्याच्यावर जरा थांबू. प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, "आमची रोजची भाकर आज आम्हास दे." मूळ ग्रीक भाषेत या "रोजची" साठी जो शब्द आहे तो या प्रार्थनेबाहेर जवळपास सापडतच नाही. ओरिजेन हा तिसऱ्या शतकातला विद्वान, ज्याची मातृभाषाच ग्रीक, तोही म्हणाला की हा शब्द लोकांच्या बोलण्यात नाही, शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. आजची, उद्याची, जगण्यापुरती, असे अर्थ आजवर लावले गेले. पण आपल्या भाषांतरकारांनी "भाकर" लिहिलं, ते मला फार बरं वाटतं. भाकरी साठवता येत नाही. रविवारी सात दिवसांच्या थापून ठेवल्या तर मंगळवारी त्यांचं काय होतं ते तुझ्या बायकोला विचार. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्नाचं, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेल्या अन्नाचं, तसंच आहे. रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा होती.

यातून मी एक धडा घेतला. रोजची प्रार्थना लहान असली तरी चालते, शिळी चालत नाही. आपल्याकडे उलट होतं. रविवारी दोन तास उपासना, महिन्यातून एकदा रात्रभराची प्रार्थनासभा, गळा बसेपर्यंत गाणी, आणि सोमवार ते शनिवार काही नाही. रात्रभराच्या सभांना माझा विरोध नाही, मी स्वतः जाते. पण ते लग्नाचं जेवण आहे. लग्नाच्या जेवणावर कोणी महिना काढत नाही.

मग किती? माझं उत्तर ऐकून तुझी आई नाराज होईल. सात मिनिटं. पाच म्हटलं तर तू दोन करशील, आणि पंधरा म्हटलं तर चौथ्या दिवशी सोडशील. नर्सिंगला मी लागले तेव्हा पहाटे पाऊण तास प्रार्थना करायचा नेम धरला होता. पहिली नाईट लागली आणि नेम मोडला. मोडला म्हणून अपराधी वाटलं, अपराधी वाटलं म्हणून देवासमोर जायची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी महिनाभर गेलेच नाही. तुझे तीन आठवडे याच वाटेने गेले असणार. नेम असा असावा की सगळ्यात वाईट दिवशीही तो मोडण्याइतका मोठा नसेल.

पाच वाजताचं आईचं म्हणणं सोडून देऊ नकोस, पण ते तुझ्या सध्याच्या शिफ्टला लागू नाही, एवढं तिला माझ्या वतीने सांग. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे तिचं आवडतं वचन आहे. खरंच आहे ते. पण आदल्या संध्याकाळी काय झालं तेही त्याच पानावर आहे: सूर्य मावळल्यावर सगळं कफर्णहूम दाराशी जमलं होतं, आजारी माणसं घेऊन. म्हणजे तो मोकळा होता म्हणून पहाटे उठला असं नव्हे. त्याला दिवसभरात दुसरा एकांत मिळणार नव्हता. शिष्य शोधत आलेच, "सगळे तुला शोधताहेत" म्हणत. तुला एकांत कधी मिळतो ते तू बघ. दानिएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. स्तोत्रकर्ता एका ठिकाणी संध्याकाळ, सकाळ आणि दुपार म्हणतो, दुसरीकडे सात वेळा म्हणतो. दिदाखे नावाचं अगदी आरंभीच्या मंडळीचं एक छोटं पुस्तक आहे, त्यात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणा असं सांगितलं आहे. घड्याळातली एकच वेळ पवित्र, असं यातलं कोणीच म्हणत नाही.

आणि नाईटवाल्यांसाठी तर शास्त्रात खास जागा आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात "संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हा पहिला दिवस" असा क्रम आहे. दिवस संध्याकाळी सुरू होतो. मी नाईटला निघताना तेच माझी पहाट समजायचे. 134 वं स्तोत्र काढून बघ. तीनच वचनं आहेत, आणि रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्या सेवकांना उद्देशून आहेत. नाईट ड्यूटीवाल्यांचं स्तोत्र! ते पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मी वॉर्डात टेबललॅम्पच्या उजेडात एकटीच हसले होते. 121 मध्ये इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. 130 मध्ये पहारेकरी पहाटेची वाट बघतात, आणि ती वाट बघणं काय असतं हे दिवसपाळीच्या माणसाला कळणार नाही, तुला कळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "मन लागत नाही."

मन लागणं ही प्रार्थनेची अट आहे असं आपल्याला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. आपल्या सभांमध्ये जो सुचेल तसं, भरल्या गळ्याने, दहा मिनिटं बोलतो त्याची प्रार्थना खरी, आणि छापलेली वाचतो त्याची कोरडी, असा एक समज आहे. मीही तसंच मानायचे. मग एका वर्षी आमच्या वॉर्डात मेंदूज्वराची सहा-सात वर्षांची एक मुलगी आली. अकरा रात्री ती होती. मी अकरा रात्री प्रार्थना केली, स्वतःच्या शब्दांत, रडून, सौदे करून. बाराव्या दिवशी संध्याकाळी ओव्हर घ्यायला गेले तर पलंगावरची चादर बदललेली होती.

त्यानंतर माझे शब्द संपले. रागावलेही नव्हते, नुसते शब्दच येईनात. "हे प्रभू" म्हणायचं आणि पुढे काही नाही. पण लहानपणापासून पाठ असलेली प्रभूची प्रार्थना मात्र तोंडात होती, कारण ती माझी नव्हतीच. आमचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता. जिना चढताना एकेका टप्प्यावर एकेक वाक्य म्हणायचे. "तुझे राज्य येवो" पर्यंत यायचे आणि पुढचं "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" मी गिळायचे. कित्येक महिने गिळलं. थेट भाकरीवर जायचे. ते वाक्य पुन्हा कधी म्हणायला लागले ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही हेच मला बरं वाटतं. मी ठरवून, मन लावून ते परत म्हटलं नाही. जिना चढता चढता कधीतरी ते तोंडातून आलं. मधल्या सगळ्या काळात कोणी विचारलं असतं, "प्रार्थना करतेस का?" तर मी नाही म्हटलं असतं.

म्हणून उसन्या शब्दांना कमी लेखू नकोस. वधस्तंभावर येशूने काय म्हटलं? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे 22 व्या स्तोत्राचं पहिलं वचन. आणि प्राण सोडताना "मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो," हे 31 व्या स्तोत्रातलं. त्याच्याकडे स्वतःचे शब्द नव्हते असं कोण म्हणेल? तरी त्या घटकेला जे तोंडी आलं ते शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणाचं तरी, लहानपणापासून पाठ असलेलं.

याच गोष्टीचा एक धागा आपल्या शरणपूरपर्यंत येतो. तू रोज शरणपूर रोडवरून जातोस, पण हे तुला कोणी सांगितलं नसेल. एकोणिसाव्या शतकात तिथे मिशनची वसाहत आणि शाळा होती, आणि पूर्व आफ्रिकेत गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडवलेली मुलं त्या शाळेत आणून शिकवली जात. जेकब वेनराईट हा त्यांतला एक. पुढे तो आणि नाशिकचे आणखी काही विद्यार्थी आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या ताफ्यात दाखल झाले. 1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियातल्या एका खेड्यात, लिव्हिंगस्टन पहाटे पलंगाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मेलेला आढळला. लोकांना ही गुडघ्यांची गोष्ट आठवते. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते. त्याच्या माणसांनी त्याचं हृदय तिथे झाडाखाली पुरलं आणि देह वाळवून, गुंडाळून, महिनोन्‌महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. त्या झाडाखाली दफनविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने. झाडाच्या बुंध्यावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. जवळ पाळक नाही, बिशप नाही, आसपास चर्च नाही. आपल्या गोदावरीकाठी शिकलेला एक तरुण आणि त्याच्या हातातलं प्रार्थनेचं पुस्तक. त्या क्षणी त्याचं मन लागलं होतं का, असं विचारणं मला अडाणीपणाचं वाटतं. शब्द तयार होते, म्हणून माणसाला मातीआड करताना सन्मानाने करता आलं. शरणपूरच्या शाळेत रोज म्हणवून घेतलेल्या प्रार्थनांचा त्या मुलांना कंटाळा आला नसेल असं मला वाटत नाही. मुलंच ती.

तर तुझ्यासाठी उसने शब्द कुठून घ्यायचे? पहिलं स्तोत्रसंहिता. 150 स्तोत्रं आहेत. अँग्लिकन लोकांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात ती महिन्याच्या 30 दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी 60 भागांत वाटलेली आहेत, म्हणजे महिन्यात सगळी एकदा वाचून होतात. तू तसं करू नकोस, तुला झेपणार नाही. दिवसाला एक. पाच महिन्यांत पूर्ण होईल, मग पुन्हा पहिल्यापासून. मोठ्याने वाच, निदान ओठ हलव. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की पेपर वाचल्यासारखं होतं. आवडलं नाही तरी वाच. काही स्तोत्रं शत्रूच्या नावाने बोटं मोडतात, ती वाचताना अवघडल्यासारखं होईल. 88 वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचं एक वाक्य नाही. मला वाटतं ते पवित्र शास्त्रात ठेवलं हीच मोठी दया आहे. ज्या दिवशी तुला तसं वाटत नसेल त्या दिवशीही वाच, कारण त्या दिवशी कुणाला तरी तसं वाटत असतंच.

दुसरं "उपासना संगीत", आपलं गीतांचं पुस्तक. तुमच्या घरी असणारच, बहुधा शोकेसमध्ये. त्यात नारायण वामन टिळकांची कितीतरी पदं आहेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस तो. त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेला अभंगाची चाल दिली. त्यांच्या लक्ष्मीबाई तर आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. गाता येत नसेल तर नुसतं म्हण. आपल्या आज्या दळताना ही पदं म्हणायच्या, त्यांना कुणी "क्वाएट टाईम" शिकवला नव्हता.

आता सात मिनिटांचं सांगते. एक स्तोत्र. मग एक मिनिट गप्प. हे सगळ्यात कठीण जाईल, मन सातपूर-अंबडपर्यंत भटकून येईल. आलं की पुन्हा बसव, रागावू नकोस. मग तीन माणसांची नावं. मग प्रभूची प्रार्थना. झालं. मोबाईल दुसऱ्या खोलीत. पवित्र शास्त्र मोबाईलमध्ये आहे ही सबब नको, छापील वापर. आणि सकाळी ग्रुपवर फुलांच्या चित्रावर छापलेलं वचन पुढे पाठवणं ही प्रार्थना नव्हे. हे तुझ्यापेक्षा तुझ्या आईला आणि मला लागू आहे.

तीन नावांबद्दल थोडं जास्त बोलते, कारण रोजच्या प्रार्थनेने ख्रिस्ती माणसाच्या जगण्यात काय फरक पडतो असं कुणी मला विचारलं तर मी इथेच बोट ठेवेन. माझ्याकडे एक वही आहे. पूर्वी तिच्यात साठ-सत्तर नावं असायची आणि मी ती हजेरी घेतल्यासारखी वाचायचे. आता रोज तीन. एक घरातलं, एक बाहेरचं, आणि एक असं की ज्याचं नाव घेताना दात आवळले जातात. वैऱ्यांसाठी प्रार्थना करा ही येशूची आज्ञा पाळायला तुला वैरी शोधत जायला नको, मागे तू सुपरवायझरबद्दल जे बोलला होतास ते मला आठवतं. त्याचं नाव घे. "त्याला सुबुद्धी दे" असं मागू नकोस, ती प्रार्थनेच्या आडून केलेली तक्रार झाली. त्याच्या मुलांसाठी, त्याच्या पाठदुखीसाठी माग. महिनाभराने सुपरवायझर बदलेल असं वचन मी देत नाही. मी आमच्या एका वरिष्ठ बाईंसाठी दोन वर्षं असं मागितलं, त्या तशाच राहिल्या. फक्त एकदा त्या औषधांच्या खोलीत एकट्या रडत होत्या आणि मी दाराशी थबकून परत न फिरता आत गेले. आधी मी परत फिरले असते.

आणि नावं घेतलीस की पुढचं काम आपोआप मागे लागतं. आजारी काकांसाठी सलग चार दिवस प्रार्थना केली की पाचव्या दिवशी फोन न करणं जड जातं. तोच प्रार्थनेचा हिशेब.

मशिनवर असतानाही करता येतं. जॉब लावलास, दार बंद केलंस की सायकल टाईम संपेपर्यंत तू उभाच असतोस ना? लूकच्या अठराव्या अध्यायातल्या जकातदाराची प्रार्थना एका श्वासात होते: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत यावरूनच घडलेली येशूच्या नावाची छोटी प्रार्थना दिवसभर श्वासाबरोबर म्हणायची फार जुनी रीत आहे. "निरंतर प्रार्थना करा" हे पौलाचं सांगणं त्यांनी असं पाळलं. डोळे मात्र उघडे ठेवून. यंत्रापाशी डोळे मिटून भक्ती करणाऱ्यांच्या बोटांना टाके पडताना मी शेजारी उभी राहिले आहे.

बायकोची जपमाळ. तुझ्या आईने याबद्दल बुधवारी जरा नाराजीने विषय काढला होता, म्हणून उघडच बोलते. "नमो मरिये"चा पहिला अर्धा भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, देवदूताचं अभिवादन आणि अलीशिबेचे शब्द. प्रत्येक दशकाला, म्हणजे दर दहा मण्यांना, ती येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एकेक प्रसंग मनासमोर आणते. मरियेला विनंती करण्याबद्दल आपली शिकवण वेगळी आहे, ते मी लपवत नाही, आणि तू जपमाळ घ्यावीस असंही म्हणत नाही. पण तिची चुकत नाही यामागे काय आहे ते बघ: हातात मणी आहेत, शब्द ठरलेले आहेत, आणि तिने लहानपणी नाशिकरोडला आजीच्या मांडीवर बसून ते ऐकले आहेत. मन लागतं की नाही हा प्रश्न तिला पडतच नाही. तुमच्या दोघांच्या शिफ्ट आणि कामं जुळतील त्या दिवशी रात्री जेवणानंतर एकत्र प्रभूची प्रार्थना म्हणा. ती दोघांचीही आहे. बाकी ती तिची करील, तू तुझी कर.

आणि कुटुंबप्रार्थनेत एक पथ्य. प्रार्थनेतून टोमणे मारायचे नाहीत. "हे प्रभू, माझ्या मुलाला लवकर उठायची बुद्धी दे," हे देवाला उद्देशून म्हटलेलं नाही, ते पलीकडच्या खुर्चीला म्हटलेलं आहे. मी स्वतः हे वर्षानुवर्षं केलं आहे. माझा मुलगा एकदा "आमेन" म्हणून डोळे उघडून म्हणाला, "आई, हे तू मला सरळ सांगू शकली असतीस." तेव्हापासून बंद केलं. जवळजवळ.

तुझ्या "आवश्यक आहे का" ला मी अजून सरळ उत्तर दिलेलं नाही. तारणासाठी म्हणशील, तर नाही. ते कृपेने आहे, आपल्या सात मिनिटांनी नाही. चुकली तर पाप लागतं का? नाही, पण चुकत चुकत राहिली तर हळूहळू ऐकू येईनासं होतं. कानात मळ साचतो तसं, दुखत नाही म्हणून कळतही नाही. आमच्याकडे असे पेशंट यायचे, त्यांना घरचेच घेऊन यायचे. स्वतःला वाटायचं की लोकच हळू बोलताहेत.

सोमवारपासून तुझी नाईट आहे असं आई म्हणाली. मग कंपनीची बस यायच्या आधी, डबा भरून झाल्यावर, बूट घालायच्या आधी बस. त्या दिवशी क्रमाने पहिलं स्तोत्र घेऊ नकोस, 134 घे. नावं कोणती घ्यायची ते तू ठरव, पण तिसरं मी सांगितलेलंच. चुकलं तर मंगळवारी घे. सोमवारचं मंगळवारी भरून काढायला जाऊ नकोस.

आणि बुधवारी आईबरोबर तुमचं "उपासना संगीत" पाठव. आमच्या प्रतीची बांधणी सुटली आहे, मधली पानं सापडत नाहीत.